सोबत कोण आलंय?

छातीत दुखतंय म्हणून कोणी आलं, की आमचे सर नाडी धरायचे, बीपी घ्यायचे, घाम आलाय का म्हणून मानेवर पालथा हात टेकवायचे. पण हे सगळं करताना त्यांचे डोळे मात्र दाराकडे असायचे. आणि मग पहिला प्रश्न यायचा, "सोबत कोण आलंय?"

बायको आली असेल तर बायको, भाऊ असेल तर भाऊ, कोणीच नसेल तर ज्याच्या रिक्षातून पेशंट आला तो रिक्षावाला. पेशंटची अवस्था तेवढा वेळ थांबण्यासारखी असली, तर त्याला माझ्या ताब्यात देऊन सर त्या सोबतच्या माणसाला आत घ्यायचे, समोर उभं करायचे आणि म्हणायचे, "आता कर."

"काय करू?"

"हा दुखताना कसा करतो ते करून दाखव. नक्कल कर. लाजतेस काय, शिमग्यात एवढी सोंगं काढता की!"

पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा कामातून गेलाय. मी नुकतीच एमबीबीएस झाले होते. पुढच्या परीक्षेचा अभ्यास समुद्राकाठी शांतपणे होईल, असा विचार करून मी त्यांच्या दवाखान्यात नोकरी धरली होती. गाव रेवदंड्याच्या पुढे, काशीदच्या अलीकडे. दवाखाना मच्छीमार सोसायटीच्या बर्फाच्या गोदामाला लागून होता, त्यामुळे एक भिंत बारा महिने गार असायची आणि उन्हातून आलेले पेशंट आल्याआल्या तिला पाठ लावून बसायचे. त्या भिंतीला वासही यायचा. सर जन्माचे शाकाहारी, मागच्या पिढ्यांपासून नारळ-पोफळीची वाडी असलेल्या घरातले. आयुष्यभर त्या भिंतीशेजारी बसून त्यांनी माशांच्या वासाबद्दल कुरकुर केली, पण जागा काही बदलली नाही.

दिसायला उंच, जरा वाकलेले, शर्टाचं एक बटण हमखास चुकलेलं. डॉक्टरची म्हणून जी हातांची खुर्ची होती, तिच्यात ते पेशंटला बसवायचे आणि स्वतः स्टुलावर बसायचे. स्टुलावर बसलेला माणूस ताठ बसतो आणि ताठ बसलेला माणूस खरं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. नवे पेशंट त्या खुर्चीत बसायला बिचकायचे. एका काकूंनी तर तिला आधी नमस्कार केला होता.

दवाखान्यात ‘गॅस’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. आमच्या किनाऱ्यावर छातीत काहीही झालं तरी तो गॅसच असतो. कोणी ओवा खाऊन आलेला असायचा, कोणी सोडा पिऊन, कोणी दोन्ही करून वर कोकमाचं सरबत. "डाक्टर, गॅस पकडलाय," असं कोणी म्हणालं की सर शांतपणे म्हणायचे, "तो सिलेंडरचा. संपला असेल तर एजन्सीत जा. इथे काय होतंय ते सांग." एकदा माझ्याच तोंडून तो शब्द गेला. सर म्हणाले, "गॅस म्हणजे ‘मला माहीत नाही’. मग तसंच म्हण ना. मला माहीत नाही, असं म्हणायला डॉक्टरला काही फी पडत नाही." मला ते पेशंटसमोर म्हणायला लावलं. मी दोन दिवस त्यांच्याशी फुगून होते, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

दुखण्याची जागा दाखवायला सांगितली की ते पेशंटच्या हाताकडे बघायचे, छातीकडे नाही. "एका बोटानं दाखवलं की मला जरा हायसं वाटतं," असं मला म्हणायचे, "आणि पंजा ठेवला, मूठ ठेवली, की मी चपला शोधायला लागतो." मी हे वहीत उतरवून घ्यायला लागले तर माझं पेन धरलं. "लिहू नको. पेशंटनं तुझी वही वाचलेली नसते. गेल्या वर्षी एकानं करंगळीनं दाखवलं होतं, त्याला मी अलिबागला पोचवेपर्यंत माझीच छाती धडधडत होती."

ते सगळ्यात जास्त कोणाला घाबरायचे, तर ‘जरासं’ म्हणणाऱ्यांना. आमच्याकडची माणसं दुखणं सांगताना फार भिडस्त. काय नाय ओ, जरासं भरून आल्यासारखं. जरासं जड. हेच माणूस शेजाऱ्याच्या बांधाबद्दल तासभर बोलेल. म्हणून नक्कल. दुखणं ज्याचं असतं तो झाकतो, आणि जवळचा माणूस ते रोज बघत असतो, फक्त त्याला कोणी विचारत नाही.

बायका नवऱ्यांच्या नकला काय जीव ओतून करायच्या! आत हशा पिकलेला आणि बाहेर माझ्या शेजारी बसलेला नवरा अस्वस्थ. "काय सांगते ओ ती?" असं मला दहादा विचारायचा. एक निवृत्त मास्तर आले होते, तीन दिवस डाव्या बाजूला छातीत आग होते म्हणून. त्यांना खात्री होती की आपलं हृदय गेलं. मृत्युपत्राचा कच्चा खर्डाही खिशात घेऊन आले होते. त्यांच्या बायकोनं आत नक्कल केली ती अशी, की मास्तर शर्ट चिमटीत धरून अंगापासून लांब ठेवतात आणि तसेच घरभर फिरतात, झोपतातही तसेच. सर स्टुलावरून उठले, बाहेर येऊन मास्तरांच्या पाठीवरून बोट फिरवलं. मास्तर किंचाळले. कातडीला नुसता स्पर्श सहन होत नव्हता. ईसीजीची पट्टी काढली, ती बरी होती. सर म्हणाले, "बहुतेक नागीण उठणार. पुरळ दिसलं की लगेच या, थांबू नका." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर पुरळ घेऊन आले ते इतके आनंदात, की मृत्युपत्र फाडून टोपलीत टाकलं.

मांडव्याच्या धक्क्यावर काम करणारा एक तरुण यायचा. छाती आवळते, श्वास पुरत नाही. तीन ठिकाणी तपासण्या करून झाल्या होत्या, सगळं नॉर्मल, आणि तिन्ही ठिकाणी त्याला सांगितलं होतं की तुला काही झालेलं नाही. त्याच्या मित्रानं नक्कल केली: बोट लांब दिसायला लागली की हा खांब पकडतो, माणसं उतरून गेली की सोडतो. सरांनी त्याला ‘मनाचं आहे’ असं सांगितलं नाही. म्हणाले, "दुखतंय ते खरंच दुखतंय. हृदयातून येत नाही, एवढं कळलं. आता कुठून येतंय ते दोघं मिळून बघू." वर्षभर तो दर पंधरा दिवसांनी येत होता. त्याचं काय ते सरांनी मला कधी सांगितलं नाही, आणि तो हळूहळू बरा झाला.

तरी मला हा सगळा प्रकार जुनाटच वाटायचा. नवं ईसीजीचं मशीन मी त्यांच्या मागे लागून घ्यायला लावलं होतं. सुटकेसएवढं, कुठेही उचलून नेता येणारं. आधीचं इतकं म्हातारं झालं होतं, की पट्टीवर हृदयापेक्षा त्याचीच थरथर जास्त उमटायची. मी नव्या मशीनची पट्टी काढून नाचवली की सर चष्मा वर करून ती नीट वाचायचे, तारीफही करायचे. मग म्हणायचे, "छान. ही दहा सेकंदांची झाली. आता बाकीच्या दिवसाचं कोणाला विचारू या?" मला राग यायचा. या माणसाला विज्ञान नको, नाटक हवं, असं मी आईला फोनवर सांगितल्याचं मला आठवतं. आता मी स्वतः एका इस्पितळात तातडीच्या विभागात काम करते, हाताशी रक्ताच्या तपासण्या आहेत, सगळं आहे, आणि ते वाक्य आठवलं की माझे कान गरम होतात.

त्याला कारण एक शनिवार.

शनिवारी आमच्या किनाऱ्यावरचं प्रत्येक घर खानावळ होतं. मुंबईपुण्याचे पाहुणे दुपारपर्यंत येऊन थडकतात, आणि घरातलं हलतं-बोलतं माणूस वाटण, भाकऱ्या, मासे, खोल्यांच्या चादरी यात गुंतलेलं असतं. म्हणून शनिवारी पेशंट कमी येतात, आणि येतात ते एकटे येतात. दीड वर्ष तिथे काढून ही गोष्ट मला माहीत होती. माहीत असून सुचली नाही.

सर त्या सकाळी वाडीत नारळ उतरवायला पाडेकरी आला म्हणून उशिरा यायचे होते. साडेनऊला वनिताताई आल्या. काशीदला त्यांच्या दोन खोल्या आणि जेवणघर; वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं काटक. नवरा पनवेलकडे ट्रकवर. बाजार करून परस्पर आल्या होत्या, पायाशी माशांची पिशवी.

"मॅडम, खांदा धरलाय बघा. आन् जरा जळजळतंय इथं. काल वाटण लय वाटलं. गोळी द्या, चौदा पाव्हने हायत दुपारला."

मी काही हयगय केली नाही, हे मला आजही सांगावंसं वाटतं. नाडी बघितली, बीपी जरासं जास्त होतं. खांदा दाबला, तर "व्हय, तिथंच" म्हणाल्या. पट्टी काढली. स्वच्छ, पुस्तकात छापावी अशी. मी त्यांना पित्ताची गोळी दिली, खांद्याला मलम दिलं, आणि म्हटलं, "ताई, काही नाही. हृदय एकदम छान आहे." त्या हसल्या, पिशवी उचलली आणि गेल्या. मी रजिस्टरमध्ये लिहिलं: स्नायू, पित्त.

सर बाराला आले. आल्यावर रजिस्टर वाचायची त्यांची सवय. त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "सोबत कोण होतं?"

"कोणी नाही. पट्टी नॉर्मल आहे सर, ही बघा."

त्यांनी पट्टी बघितली. बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "खांदा तर दर शनिवारी दुखत असेल तिचा. इतक्या शनिवारांत कधी आली नाही ती. आज घरची कामं सोडून कशी आली?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता म्हणाले, "मशीन उचल."

त्यांच्या स्कूटरवर मी मागे, मांडीवर मशीन. वाटेत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. उगाच त्या बाईला घाबरवायला चाललेत, चौदा माणसांच्या गर्दीत मला तोंडघशी पाडणार, वगैरे.

पोचलो तेव्हा पानं वाढली जात होती. पडवीत मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसातली मंडळी ओळीनं बसलेली. मागे चुलीपाशी वनिताताई सुरमईच्या तुकड्या तव्यावर सोडत होत्या, आणि त्यांची जाऊ रंजना भाकऱ्या थापत होती. आम्हाला बघून वनिताताई म्हणाल्या, "अवो, तुमी कशाला आलात? मॅडमनी सांगितलं ना, काय नाय म्हनून."

सरांनी नाकाला रुमाल लावला, आणि रंजनाकडे वळून म्हणाले, "हिची नक्कल कर बघू. सकाळपासून कशी करते?"

रंजनाला काय, निमित्तच हवं होतं. हात पुसून उठली आणि जावेसारखी कंबर ताठ करून चालायला लागली. आधी जोरात हुकूम सोडले, पडवीतली दोघंतिघं हसली. मग ती खवणीवर बसली. चार-पाच वेळा नारळ खवला आणि थांबली. हात छातीवर नेला नाही; हनुवटीखाली नेला, जबडा चोळला. डावा हात मांडीवर तसाच ठेवून दिला. मग पुन्हा खवायला लागली. मग उठून कळशी घेतली, मागच्या दाराच्या दोन पायऱ्या चढली, वरच्या पायरीवर उभी राहिली आणि पदर नीट केला. पुन्हा नीट केला. तिसऱ्यांदा करताना तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"पदर नीटच असतोय ओ हिचा," रंजना हळू आवाजात म्हणाली. "ही दम खाते तिथं. चार दिस झाले."

"गप गं, जाऊबाय," वनिताताई म्हणाल्या. पण बोलता बोलता पाटावर बसल्या, आणि भिंतीला टेकल्या.

मी तिथेच, आतल्या खोलीत, पट्टी काढली. सकाळचीच बाई, सकाळचंच मशीन. पट्टी तीच नव्हती. मला वाचायला फार वेळ लागला नाही. मी ती सरांच्या हातात दिली. त्यांनी नुसती मान हलवली. ॲस्पिरिन चावून खायला लावली, अलिबागला फोन करून कळवलं. ॲम्ब्युलन्स मुरूडकडून यायची होती. दारात पाहुण्यांची मोठी गाडी उभी होती आणि त्यांच्यातला एक जण जेवता हात धुऊन चावी घेऊन तयारही झाला.

पण वनिताताई उठेनात. "पानं वाढलीत. वाढलेल्या पानावरनं पाव्हना सोडून मी न्हाय जायची. अर्धा तास द्या. ह्ये जेवले का येते."

मी विनवलं, समजावलं, शेवटी ओरडले. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मॅडम, सकाळी तुमीच म्हनालात ना?"

सरांनी रुमाल खिशात टाकला, खुंटीवरचा पंचा घेऊन कमरेला गुंडाळला आणि चुलीपाशी जाऊन सुरमईचं ताट हातात घेतलं. ज्या माणसानं बर्फाच्या भिंतीशेजारी चाळीस वर्षं नाक मुरडलं, त्यानं तुकड्या बोटांनी उचलून बघितल्या आणि विचारलं, "एका पानावर एक की दोन?"

वनिताताई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "डाक्टर, तुमी नका हात लावू. तुमच्यात चालत नाय."

"मग तू ऊठ. तू गाडीत बसलीस की मी हात धुतो. नाहीतर चौदाही पानं मीच वाढणार. बोल लवकर, एक की दोन?"

"एक," वनिताताई म्हणाल्या. "मागितली तर दुसरी." आणि उठल्या.

मी त्यांच्यासोबत गेले. रेवदंड्याच्या पुलावर त्यांना घाम फुटला आणि पुढची वाट मी त्यांचं मनगट धरून नाडी मोजत काढली. इस्पितळात मंडळी तयार होती. तासाभरानं तिथल्या डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, की वेळेत आणलंत, घरी राहिल्या असत्या तर कठीण होतं. ‘वेळेत आणलंत’ हे त्यांनी माझं कौतुक म्हणून म्हटलं. मी बाहेर जाऊन जिन्यात बसून रडले.

इकडे सरांनी हात धुतलेच नव्हते. सगळीच पानं वाढली, हे मला रंजनानं नंतर सांगितलं. सोलकढी वाढली, भात वाढला, आणि एका सुटलेल्या पोटाच्या पाहुण्याला दुसरी तुकडी देण्याआधी जिना चढताना दम लागतो का, असं विचारलं.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेले ती शिव्या खायच्या तयारीनं. सर स्टुलावर बसले होते. मला खुर्चीत बस म्हणाले.

"पट्टी काढलीस ते बरोबर. घरी पाठवलंस ते चूक. हे तुला कळलंय, तेव्हा परत सांगत नाही." मग म्हणाले, "छातीत दुखतं म्हणून येणाऱ्याला वाटत असतं, काही निघू नये. आणि डॉक्टरलाही तेच वाटत असतं. मलाही वाटतं गो, अजून. दोघांनाही एकच हवं असलं, की एकमत व्हायला अर्धं मिनिट पुरतं. म्हणून मी तिसरा माणूस आत घेतो. लोक म्हणतात म्हाताऱ्याला गंमत लागते. लागतेही."

मला ते तेव्हा पटलं, पण डोक्यानं पटलं. पुरतं समजलं ते महिन्याभरानं.

वनिताताई तपासणीला आल्या होत्या. हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवून आलेल्या, जरा उतरलेल्या, पण आवाज तोच. या वेळी रंजना सोबत होती. मी त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला आणि मनात घोकून ठेवलेलं वाक्य बोलले, "ताई, त्या दिवशी माझी चूक झाली."

त्या गडबडल्या. माझी समजूत घालायला म्हणून घाईघाईनं म्हणाल्या, "नाय ओ मॅडम, तुमी नका मनाला लावून घेऊ. उलट तुमी काय नाय म्हनालात ना, मला एवढं बरं वाटलं त्या दिवशी! चार दिस जीव टांगणीला लागला होता, कोनाला बोलले न्हाय. इथून निघाले ती आधी नाक्यावरून अबोलीचा गजरा घेतला. किती वर्सांनी घेतला बघा."

रंजना हसली. मी पंपाची चावी सोडली, काटा खाली आला, आणि आकडा काय होता ते माझ्या लक्षात राहिलं नाही. पट्टा तसाच ठेवून मी पुन्हा हवा भरली.